दुष्टाला अडवू नका : टॉलस्टॉयचा धर्म नेमका काय होता?

1 मार्च 1881 रोजी पीटर्सबर्गमध्ये क्रांतिकारकांच्या बॉम्बहल्ल्यात झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला. मारेकरी सापडले, खटला उभा राहिला आणि फाशी होणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. त्या वेळी तुळा प्रांतातल्या एका जमीनदाराने नव्या झारला, म्हणजे मारल्या गेलेल्या बापाच्या मुलालाच, पत्र लिहिलं : यांना माफ करा. त्या पत्राचा मसुदा आज उपलब्ध आहे. त्यात तो सुचवतो, की या लोकांना बोलवा, पैसे द्या, अमेरिकेला वगैरे पाठवून द्या आणि जाहीरनाम्याच्या माथ्यावर येशूचं वाक्य लिहा, ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’.

पत्र लिहिणारा काउंट लेव टॉलस्टॉय. ‘वॉर अँड पीस’ आणि ‘ॲना कॅरेनिना’ लिहून झालेला, अख्ख्या रशियाला ठाऊक असलेला माणूस. पत्र झारच्या हाती पोचवावं म्हणून ते पोबेदोनोस्त्सेवकडे दिलं गेलं. रशियन चर्चचा कारभार पाहणाऱ्या ‘पवित्र सिनड’वर सरकारने नेमलेला हा सर्वोच्च अधिकारी. त्याने पत्र पोचवायला साफ नकार दिला आणि पुढे टॉलस्टॉयला कळवलं, की तुमचा ख्रिस्त हा आमचा ख्रिस्त नव्हे. माझा ख्रिस्त सामर्थ्याचा आणि सत्याचा. तुमच्या ख्रिस्तात मला दुबळेपणा दिसतो, त्यालाच उपचारांची गरज आहे. पत्र दुसऱ्या मार्गाने झारपर्यंत गेलं, पण उपयोग झाला नाही. 3 एप्रिलला पाच जणांना फाशी दिलं गेलं. (या लेखातल्या रशियातल्या तारखा तिथल्या तेव्हाच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे आहेत.)

पोबेदोनोस्त्सेव कठोर होता, पण त्याचं निदान अचूक होतं. टॉलस्टॉयचा ख्रिस्त खरंच वेगळा होता. तो कसा वेगळा होता आणि टॉलस्टॉय त्याच्यापर्यंत कसा पोचला, हे पाहू.

जन्म 1828 चा, यास्नाया पोल्याना या घराण्याच्या जहागिरीतला. दोन वर्षांचा व्हायच्या आत आई गेली, आठ वर्षांचा असताना वडील. कझान विद्यापीठात आधी पौर्वात्य भाषा, मग कायदा, आणि पदवी न घेताच घरी परत. मग जुगार, कर्ज, बायका, आणि रोजनिशीत स्वतःला झोडपणं. कॉकेशसमध्ये सैन्यात गेला, क्रायमियाच्या युद्धात सेवास्तोपोलच्या वेढ्यात होता. तिथेच, मार्च 1855 मध्ये, 26 वर्षांच्या या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने रोजनिशीत एक विलक्षण नोंद केली. आपल्याला एक प्रचंड कल्पना सुचली आहे, तिला आयुष्य वाहून टाकता येईल : नवा धर्म स्थापायचा. ख्रिस्ताचाच धर्म, पण श्रद्धेची सक्ती आणि गूढता वगळलेला. परलोकात सुखाचं आश्वासन न देता इथे, पृथ्वीवर सुख देणारा. त्याच दिवसांत तो जुगारात पैसे हरत होता, हेही त्याच रोजनिशीत आहे.

ही नोंद महत्त्वाची, कारण टॉलस्टॉयबद्दल एक सोपी गोष्ट नेहमी सांगितली जाते : आधी महान कादंबरीकार, मग पन्नाशीत अचानक साक्षात्कार, मग संत. पण आराखडा पंचवीस वर्षं आधी तयार होता. मधल्या काळात लग्न, मुलं, शेती आणि दोन अवाढव्य कादंबऱ्या आल्या.

आणि मृत्यूची भीती आली. 1857 साली पॅरिसमध्ये त्याने गिलोटीनवर एका माणसाचं डोकं धडावेगळं होताना पाहिलं होतं. 1860 मध्ये थोरला भाऊ निकोलाय क्षयाने त्याच्या डोळ्यांदेखत गेला. 1869 च्या सप्टेंबरात, ‘वॉर अँड पीस’ संपत आली असताना, तो पेन्झा प्रांतात स्वस्तात जमीन घ्यायला निघाला होता. वाटेत अर्झामास गावी मुक्काम पडला. रात्री दोनच्या सुमारास त्याला असं काही भय दाटून आलं, की तसं आधी कधी अनुभवलं नव्हतं, असं त्याने बायकोला लिहिलं. आजारी नाही, संकट नाही, पैशाची ददात नाही, आणि तरी भीती. मरण आहे, तर मग ही जमीन कशाला?

हा ‘कशाला?’ पुढे दहा वर्षं वाढत गेला. त्याची हकिगत 1879 ते 1882 दरम्यान लिहिलेल्या ‘कबुलीजबाब’ या छोट्या पुस्तकात आहे. रशियात त्याच्यावर बंदी आली, ते जिनिव्हात छापावं लागलं. टॉलस्टॉयचं एकच धार्मिक पुस्तक वाचायचं असेल, तर हेच वाचावं. बाकीच्यांत तो पुष्कळदा एकच मुद्दा ठोकत बसतो. इथे कादंबरीकार जागा आहे. तो सांगतो : खोलीत एकटा कपडे बदलताना कपाटांमधल्या आडव्या दांडीला लटकून घेईन म्हणून मी दोरी लपवून ठेवत असे, बंदूक घेऊन शिकारीला जाणं सोडलं. ‘ॲना कॅरेनिना’तला लेविनही शेवटी नेमकं हेच करतो.

त्याच पुस्तकात तो ‘पूर्वेकडची एक जुनी कथा’ सांगतो. श्वापदापासून पळणारा वाटसरू विहिरीत उतरतो. तळाशी अजगर जबडा वासून बसलेला. वाटसरू भिंतीतल्या एका झुडपाची फांदी धरून लोंबकळतो. एक काळा आणि एक पांढरा उंदीर ती फांदी कुरतडतायत. तेवढ्यात पानांवर मधाचे थेंब दिसतात, आणि तो ते चाटू लागतो. टॉलस्टॉय म्हणतो, मला चिकटून राहिलेले दोन थेंब म्हणजे कुटुंब आणि लेखन. पण आता तेही गोड लागत नाहीत.

आपल्याकडच्या वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल, आणि ती आपल्याकडचीच आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात, युद्ध संपल्यावर, शोकात बुडालेल्या धृतराष्ट्राला विदुर ती सांगतो. जैन परंपरेत ती मधुबिंदूचा दृष्टान्त म्हणून येते. बर्लाम आणि योसाफातच्या आख्यानातून ती युरोपभर पसरली, आणि ते आख्यान म्हणजे बुद्धाच्या चरित्राने घेतलेला ख्रिस्ती वेश. ‘कबुलीजबाब’मध्ये शाक्यमुनी बुद्धाचीही कथा आहे : म्हातारा, आजारी, प्रेत. टॉलस्टॉय विचारतो, हे एकदा पाहिल्यावर कोणी शांत कसं राहू शकतं?

विज्ञानाकडे गेला, तर उत्तर मिळालं की तू कणांचा एक तात्पुरता गोळा आहेस. तत्त्वज्ञानाकडे गेला, तर शोपेनहाउअरने त्याचाच प्रश्न त्याला परत केला. मग त्याचं लक्ष आपल्या आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे गेलं. ही माणसं कष्ट करतात, आजारी पडतात, मरतात, पण दोरी लपवायची वेळ त्यांच्यावर येत नाही. का? कारण त्यांच्याकडे श्रद्धा आहे. टॉलस्टॉयच्या लेखी श्रद्धा म्हणजे अमुक चमत्कार घडला असं मानणं नव्हे. माणूस ज्याच्या बळावर जगतो ती गोष्ट म्हणजे श्रद्धा. जगतो आहे, म्हणजे कशावर तरी त्याची श्रद्धा आहेच.

म्हणून त्याने शेतकऱ्यांचाच धर्म, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्च, पाळायचं ठरवलं. उपास केले, प्रार्थनेला उभा राहिला. ऑप्तिना या प्रसिद्ध मठात जाऊन तिथल्या आम्व्रोसी या वृद्ध साधूला भेटला. 1881 साली तर शेतकऱ्याच्या वेशात, झाडाच्या सालीच्या चपला घालून तिथवर चालत गेला. दोन-तीन वर्षं त्याने मनापासून प्रयत्न केला. पण प्रभुभोजनाच्या वेळी ‘ही भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर आहे’ असं म्हणायची पाळी आली, तेव्हा जीभ अडखळली. 1877-78 च्या तुर्कस्तानविरुद्धच्या युद्धात धर्मगुरू रशियन शस्त्रांच्या विजयासाठी प्रार्थना करत होते. शत्रूवर प्रीती करायला सांगणाऱ्याच्याच नावाने शत्रूचा नाश मागायचा, हे त्याच्या गळी उतरेना.

मग त्याने हिशोबाची वही तपासावी तसा नवा करार हाती घेतला. ग्रीक तो आधीच शिकला होता. पुढे मॉस्कोतल्या रब्बीकडे हिब्रूही शिकला. चारही शुभवर्तमानांचं त्याने स्वतः भाषांतर केलं आणि त्यांची एकच सलग कथा जुळवली. कुमारीपोटी जन्म, चमत्कार, पुनरुत्थान सगळं गळालं. त्याची कथा क्रुसावर संपते. हे संशोधन फारसं निष्पक्ष नव्हतं, काय सापडायला हवं ते त्याला आधीच ठाऊक होतं.

जे सापडलं ते म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातलं, डोंगरावरच्या प्रवचनातलं एक वाक्य : ‘दुष्टाला अडवू नका’. कोणी उजव्या गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, हे त्याच्या लगेच पुढचं. टॉलस्टॉय म्हणतो, मी हे वाक्य शेकडो वेळा वाचलं होतं, आणि दर वेळी ते अतिशयोक्ती म्हणून सोडून दिलं होतं. एके दिवशी ते जसंच्या तसं घेतलं, आणि बाकी सगळं सुटत गेलं. 1884 मध्ये लिहून झालेल्या ‘माझी श्रद्धा’ या पुस्तकात त्याने प्रवचनातून पाच आज्ञा काढल्या. कोणावर रागावू नका. वासनेच्या मागे लागू नका, जोडीदाराला सोडू नका. शपथ घेऊ नका. दुष्टाला बळाने अडवू नका. परक्या देशाच्या माणसाला शत्रू मानू नका.

वरवर पाहता हा साधा सद्वर्तनाचा पाठ वाटतो. एकेक आज्ञा घेऊन बाहेर पडलं, की काय होतं ते दिसतं. शपथ घ्यायची नाही, म्हणजे झारशी निष्ठेची शपथ नाही आणि सैन्यात भरती नाही. रशियात सक्तीची लष्करी सेवा 1874 मध्ये सर्वांना लागू झाली होती. बळाने अडवायचं नाही, म्हणजे न्यायालय, तुरुंग आणि फाशी यांत भाग घ्यायचा नाही. टॉलस्टॉयचं म्हणणं असं, की राज्यसंस्था शेवटी बंदुकीवर उभी आहे, आणि ती बंदूक शेतकऱ्याचाच पोरगा धरतो. त्याने ती खाली ठेवली, तर खेळ संपला. बंड करायची गरज नाही, सहभाग काढून घेतला की पुरे. 1893 मध्ये पुरं झालेल्या ‘देवाचे राज्य तुमच्या अंतर्यामी आहे’ या ग्रंथाचा सगळा भर या एका तर्कावर आहे.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. ‘अडवू नका’ म्हणजे गप्प बसा, सोसा, असं त्याला म्हणायचं नव्हतं. वाइटाला वाइटाने अडवू नका, एवढंच. तो स्वतः कधीच गप्प बसला नाही. 1891-92 च्या दुष्काळात, साठी ओलांडल्यावर, तो रियाझान प्रांतातल्या बेगिचेव्का गावी जाऊन राहिला आणि भुकेल्यांसाठी अन्नछत्रं उघडली. त्यांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. पैशाच्या दानधर्माने काही साधत नाही, असं याच माणसाने आधी लिहून ठेवलं होतं. देणग्यांचा ओघ सुरू झाला तो बायको सोफियाने वर्तमानपत्रात केलेल्या आवाहनामुळे, हेही विसरायला नको.

आता सर्वात मोठा आक्षेप. समोर कोणी लहान मुलाला मारत असेल, तर काय करायचं? हा प्रश्न टॉलस्टॉयच्या नव्या धर्माआधीच विचारला गेला होता, आणि विचारणारा होता कादंबरीकार दस्तयेव्स्की. 1877 साली ‘ॲना कॅरेनिना’च्या शेवटच्या भागावर लिहिताना त्याने लेविनला धारेवर धरलं. बाल्कनमध्ये तुर्की शिपाई बाळाच्या डोळ्यात सुई खुपसायला निघाला आहे, लेविन बंदूक घेऊन शेजारी उभा आहे. मग तो काय विचार करत बसणार की गोळी झाडणार? टॉलस्टॉयने पुढे अशा प्रश्नाला दिलेलं उत्तर थोडक्यात असं : हा कल्पनेतला दरोडेखोर कोणीच पाहिलेला नाही, पण त्याचं नाव पुढे करून केलेला खराखुरा हिंसाचार आपण रोज पाहतो. शिवाय, मारेकऱ्याला ठार करणं योग्यच ठरेल, हे ठरवण्याइतकं भविष्य मला कळत नाही.

पहिला मुद्दा मला पटतो. सरकारांनी प्रत्येक युद्ध कोणत्या तरी ‘बाळा’च्या नावाने विकलेलं आहे. दुसरा मात्र पटत नाही. बाल्कनमधली ती कत्तल काल्पनिक नव्हती, आणि तिथल्या आईला टॉलस्टॉयचा तर्क ऐकवायची माझी छाती नाही.

चर्चशी संघर्ष अटळ होता. शेवटची काडी पडली ती ‘पुनरुत्थान’ कादंबरीची (1899). तिच्यात तुरुंगातल्या उपासनेचं वर्णन आहे : धर्मगुरू भाकरीचे तुकडे करतो, द्राक्षरसात बुडवतो, आणि साखळदंडातले कैदी बघत उभे. पवित्र वाटावं असं एकही विशेषण न वापरता, हा विधी आयुष्यात प्रथमच पाहणाऱ्या माणसाच्या नजरेने ते लिहिलं आहे, म्हणून ते इतकं बोचतं. कादंबरीचे पैसे गेले दुखोबोर पंथीयांना. 1895 मध्ये या लोकांनी आपली शस्त्रं जाळून सैन्यात जायला नकार दिला होता आणि त्यापायी हाल सोसले होते. त्यांतले सात हजारांहून अधिक जण कॅनडात जाऊन वसले. नव्या लेखनावरचा हक्क सोडून दिलेला असूनही टॉलस्टॉयने ही कादंबरी त्यांच्यासाठी मुद्दाम विकली.

फेब्रुवारी 1901 मध्ये सिनडने निर्णय जाहीर केला. चर्चने त्याच्यावर शाप उच्चारला अशी समजूत आहे, ती खरी नाही. भाषा त्या मानाने सौम्य होती : पश्चात्ताप करीपर्यंत चर्च याला आपला सभासद मानू शकत नाही. सोफिया चर्चमध्ये जाणारी श्रद्धाळू बाई, नवऱ्याची मतं तिला मान्य नव्हती, तरी सिनडला पहिलं संतप्त पत्र तिनेच लिहिलं. टॉलस्टॉयने एप्रिलमध्ये उत्तर दिलं. मी चर्च सोडलं आहे हे अगदी खरं, असं सांगून तो लिहितो, की देवाला मी आत्मा, प्रेम आणि सर्वांचं मूळ मानतो. तो माझ्यात आहे आणि मी त्याच्यात. त्याची इच्छा येशू या माणसाच्या शिकवणीत सर्वात स्पष्ट दिसते, पण येशूलाच देव मानून त्याची प्रार्थना करणं ही मी सर्वात मोठी देवनिंदा समजतो.

एवढ्या स्पष्टतेची किंमत घराने मोजली. मालमत्ता पाप आहे, तर यास्नाया पोल्यानाचं काय? 1892 मध्ये त्याने सगळी मालमत्ता बायको-मुलांच्या नावे वाटून टाकली, म्हणजे स्वतः मोकळा झाला आणि घर चालवायचं ओझं सोफियावर टाकलं. तेरा बाळंतपणं आणि पाच मुलांचे मृत्यू सोसलेल्या, ‘वॉर अँड पीस’च्या प्रती पुन्हा पुन्हा उतरवून काढलेल्या या बाईने नवऱ्याच्या धर्मापायी मुलांचा वारसा सोडावा अशी अपेक्षा होती. ‘क्रॉयत्सर सोनाटा’ या लघुकादंबरीत त्याने लग्नसंस्थेचेच वाभाडे काढले, आणि ते छापायची परवानगी मागायला झारपुढे गेली ती सोफियाच. शिष्य चेर्त्कोवशी तिचं जमेना. 1910 च्या जुलैमध्ये टॉलस्टॉयने तिच्या नकळत, रानात एका झाडाच्या बुंध्यावर बसून मृत्युपत्रावर सही केली. कोणावर रागावू नका, हे सांगणाऱ्याचं घर शेवटची वर्षं धुमसत होतं.

लोक हा दुटप्पीपणा त्याच्या तोंडावर फेकत. यावर त्याने एका पत्रात लिहिलं होतं : घरची वाट मला ठाऊक आहे आणि मी तिच्यावरून दारुड्यासारखा झोकांड्या खात चाललोय, म्हणून वाट चुकीची ठरते का? उत्तर प्रामाणिक आहे. पण चर्चमध्ये चुकलेल्या माणसासाठी पापकबुली असते, क्षमा असते. टॉलस्टॉयने ते सगळं भ्रम म्हणून काढून टाकलं. उरले फक्त नियम आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी. त्याच्या धर्मात चढण आहे, विसावा नाही, आणि माझ्या मते त्याची खरी उणीव हीच आहे.

दूर दक्षिण आफ्रिकेत मात्र एका वाचकाने यातून वेगळंच काही उचललं. गांधींनी ‘देवाचे राज्य’ 1894 मध्ये वाचलं आणि त्याने भारावून गेल्याचं आत्मकथेत लिहिलं. 1908 मध्ये तारकनाथ दास या क्रांतिकारकाने टॉलस्टॉयकडे भारतासाठी पाठिंबा मागितला. उत्तरादाखल आलेल्या लांबलचक ‘एका हिंदूला पत्र’मध्ये त्याने उलटा सवाल केला : एका व्यापारी कंपनीने वीस कोटी लोकांना गुलाम केलं, की तुम्हीच त्यांना साथ देऊन गुलाम झालात? गांधींनी ते पत्र गुजरातीत आणलं आणि प्रस्तावनेत लिहिलं, की टॉलस्टॉयचं सगळंच मान्य करायची गरज नाही. 1910 मध्ये गांधींचे मित्र कॅलनबाख यांच्या जमिनीवर जोहान्सबर्गजवळ ‘टॉलस्टॉय फार्म’ सुरू झालं. टॉलस्टॉयलाही गांधींचं सगळं मान्य नव्हतं. गांधींचं चरित्र वाचून त्याने चेर्त्कोवला कळवलं, की यांचा हिंदू देशाभिमान तेवढा सगळं बिघडवतो. फरक मुळातला होता. टॉलस्टॉयला एकेकट्या माणसाचा नकार हवा होता. संघटना, नेता, चळवळ यांचा त्याला संशय होता. गांधींनी त्याच नकाराची चळवळ केली.

28 ऑक्टोबर 1910 च्या पहाटे, 82 व्या वर्षी, टॉलस्टॉयने डॉक्टर माकोवित्स्कीला सोबत घेऊन घर सोडलं. गेला तो ऑप्तिना मठात. तिथे साधूंच्या निवासाभोवती फिरला, पण आत गेला नाही. मग संन्यासिनी झालेल्या बहिणीला, मारियाला, भेटला. तिथून रेल्वेने दक्षिणेकडे निघाला आणि न्यूमोनिया झाल्याने अस्तापोवो या छोट्या स्टेशनवर उतरावं लागलं. स्टेशनमास्तरने आपलं घर दिलं. ऑप्तिनाहून वार्सोनोफी हा साधू धावत आला, पण मुलगी अलेक्झांड्राने त्याला आत सोडलं नाही. सोफियालाही नवऱ्याची शुद्ध हरपल्यावरच आत घेतलं. 7 नोव्हेंबरला तो गेला आणि यास्नाया पोल्यानात चर्चच्या विधीविना पुरला गेला.

2001 साली, निर्णयाला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्याचा खापरपणतू व्लादिमीर टॉलस्टॉय याने मॉस्कोच्या पॅट्रिआर्ककडे, म्हणजे रशियन चर्चच्या प्रमुखाकडे, या निर्णयाचा फेरविचार करण्याची विनंती केली. चर्चने निर्णय बदलला नाही. आपण चर्चच्या बाहेर आहोत, हे टॉलस्टॉयने स्वतःच लिहून दिलं होतं आणि मरेपर्यंत मागे घेतलं नाही, त्यामुळे या एका बाबतीत तरी त्याचं आणि चर्चचं एकमत होतं.